स्टीम डेक ओएलईडी: ग्लॉसी काच घेऊ की मॅट? रोजचा प्रवास बोरिवली–चर्चगेट स्लो

खिडकीवाला_बोरिवली

मंडळी, पंधरा दिवस डोक्याचा भुगा झालाय. स्टीम डेक ओएलईडी, म्हणजे दोन्ही हातांत धरून गेम खेळायचं यंत्र, घ्यायचा हे पक्कं. बायकोने हो म्हटलंय, दिवाळीच्या बोनसमधले पैसे बाजूला काढून ठेवलेत. अडलंय ते काचेवर.

५१२ जीबीवाला घेतला तर काच ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. १ टीबीवाला घेतला तर मॅट, म्हणजे कंपनी ज्याला अँटी-ग्लेअर एच्ड ग्लास म्हणते ती. पडदा दोन्हींचा तोच: ७.४ इंच, १२८० बाय ८००, ९० हर्ट्‌झ. नोव्हेंबर २०२३ मध्ये आले तेव्हा अमेरिकेत एक ५४९ डॉलरला आणि दुसरा ६४९ला होता. आपल्याकडे कंपनी स्वतः विकत नाही, त्यामुळे लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ज्याच्या तोंडाला जो येईल तो आकडा. मला एकाने बारा हजारांचा फरक सांगितला, त्याच गल्लीत दुसऱ्याने अठरा.

जागेचं मला काही नाही. मेमरी कार्ड लागतं, आतली साठवण म्हणजे एसएसडीही पुढेमागे बदलता येतं. काच मात्र एकदा घेतली की घेतली.

आता मी खेळतो कुठे ते सांगतो, नाहीतर सगळे ‘तुमच्या वापरावर अवलंबून आहे’ म्हणून मोकळे होतील.

ऑफिसातल्या एकाचा ग्लॉसी डेक आठ दिवस मागून आणला होता. बोरिवलीहून सुटणारी स्लो पकडतो, त्यामुळे बसायला मिळतं आणि चर्चगेटपर्यंत चांगला तासभर हातात असतो. गेम आहे गुहांमधला, तीन चतुर्थांश काळोख. त्या काळोखात मला दिसतं काय, तर माझाच पांढरा शर्ट, खिडकीच्या गजांच्या आडव्या रेघा आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यातलं आयकार्ड. मालाडला माझं पात्र खड्ड्यात पडून मेलं आणि मी शर्टाचं तिसरं बटण बघत बसलो होतो. लोडिंग चालू झालं की पूर्ण काळा पडदा, आणि त्यात माझं टक्कल. पंचेचाळिशीला आलेल्या माणसाला दिवसातून वीस वेळा हे दाखवायची गरज नाही.

रात्री घरी वेगळी तऱ्हा. दीड खोलीचं घर, मुलगी दहावीला, ती बारा-साडेबारापर्यंत टेबलावर. ट्यूब बरोबर माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर. मी पलंगावर उशीला टेकून डेक धरला की पडद्याच्या मधोमध एक पांढरी काठी. तिरका धरला की काठी सरकते, पण मान अवघडते.

तर मॅट काचेने हे जातं का? आणि लोक म्हणतात मॅटमध्ये काळा रंग राखाडी पडतो. ओएलईडी पडद्याचं कौतुकच त्याच्या खऱ्या काळ्या रंगाचं, मग त्याला पैसे मोजायचे कशाला? दुकानदार म्हणतो, “साहेब, अँटी-ग्लेअर म्हणजे तुमच्या चष्म्यावर असतं तेच.” खरं का हे?

---

चष्मेवाला_दादर

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बावीस वर्षं चष्म्याच्या काउंटरवर उभा आहे आणि हा घोळ रोज निस्तरतो.

तुमच्या चष्म्यावर असतं ते आणि डेकवर असतं ते, दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नाव एक पडलंय, एवढंच.

आमच्याकडे गिऱ्हाईक ‘अँटी-ग्लेअर’ मागतं तेव्हा आम्ही देतो एआरसी (अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग), म्हणजे काचेवर चढवलेले अतिशय पातळ थर. साध्या काचेवर प्रकाश पडला की वरच्या पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो. त्यावर मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर दिला, तर थराच्या वरून फिरलेली लाट आणि खालून फिरलेली लाट एकमेकींना मारतात आणि परत येणारा प्रकाश सव्वा टक्क्याच्या आसपास उतरतो. थर वाढवले की आणखी कमी. ही युक्ती झाईस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये पेटंट केली, तीही भिंगांसाठी. म्हणजे इथे प्रतिबिंबाचा प्रकाशच कमी होतो आणि जो परत फिरत नाही तो काचेतून आरपार जातो.

डेकच्या १ टीबीवाल्या काचेवर असलं काही नाही. ती काच रसायनाने खरवडलेली असते, डोळ्याला न दिसणारे खड्डे. परत येणारा प्रकाश तिथे कमी होत नाही, विस्कटतो. तुमची ट्यूब जाणार नाही, तिचा ढग होईल. टक्कल जाईल, पण टक्कलावरचा उजेड पडदाभर पसरेल. काळा रंग राखाडी का पडतो, त्याचं उत्तर हेच. आणि तो पडतो फक्त उजेडात. खोलीत अंधार केलात तर विस्कटायला काही उरतच नाही. तेव्हा ‘मॅटने ओएलईडीचा काळा मारला’ म्हणणाऱ्याला आधी विचारा, दिवा लावून म्हणतोयस की विझवून?

आता तुमच्या शर्टाचा हिशोब. खिडकीशी बसलात आणि अंगावर पडणारा उजेड ५००० लक्स धरला (ऊन नाही हं, नुसता आभाळाचा), तर पांढरा शर्ट बाराशे-तेराशे निटने चमकतो (निट हे चमकेचं माप). त्याचे ४ टक्के म्हणजे ५० निट. तुमच्या गुहेतला काळोख असतो पाच-सात निटचा. मग शर्ट जिंकणार नाही तर काय? तोच शर्ट काळा असता तर प्रतिबिंब ३-४ निटवर आलं असतं. हजारो रुपयांचा फरक एका बाजूला आणि तीनशे रुपयांचा काळा टी-शर्ट एका बाजूला, एवढं डोक्यात ठेवा.

दुकानात जाल तेव्हा पडदा बंद करून बघा. दुकानदार चालू करून दाखवतात, त्यात काही कळत नाही. बंद पडदा ट्यूबखाली धरा. ट्यूब धारदार दिसली तर ग्लॉसी. ढग दिसला तर मॅट. ट्यूब धारदार पण मंद आणि हिरवट-जांभळी दिसली तर खरं एआर कोटिंग. आता तुमचा चष्मा काढून तसाच धरा, फरक तिथल्या तिथे कळेल.

जाता जाता, खऱ्या एआरची काच हातात घ्यायच्या यंत्रावर येऊ शकते हे सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये एस२४ अल्ट्रा या फोनात दाखवलं. कॉर्निंगची गोरिला आर्मर, ७५ टक्क्यांपर्यंत प्रतिबिंब कमी असा दावा. डेकवर ती असती तर तुम्हाला इथे प्रश्न टाकावा लागला नसता.

---

वॉरंटी_पहिली

दादा, मुद्दा भरकटला तरी विचारतो. परदेशातून आलेल्या मालाला वॉरंटी कसली? दुकानदाराचं व्हिजिटिंग कार्ड हीच वॉरंटी. आसुसची आरओजी अ‍ॅलाय, डेकसारखंच हातातलं यंत्र, इथे अधिकृत मिळते, जुलै २०२३ मध्ये ६९,९९० ला आली होती. ७ इंच, १०८० पी, १२० हर्ट्‌झ, ५०० निट आणि वर गोरिला ग्लासचं डीएक्ससी कोटिंग, म्हणजे वरचे दादा सांगतायत त्या जातीतलं प्रतिबिंब कमी करणारं. ओएलईडी नाही, कबूल. पण बिल मिळतं.

---

खिडकीवाला_बोरिवली

अ‍ॅलाय बघितली. काच खरंच चांगली. पण गाडीत उभं राहायची वेळ आली की बटण दाबून डेक झोपवायचा, सीट मिळाली की उठवायचा, तिथून पुढे खेळायचं. अ‍ॅलाय चालते विंडोजवर, तिथे ते दर वेळी नीट होईल याची खात्री वाटेना. शिवाय काळोखाच्या गेमला ओएलईडी पाहिल्यावर परत मागे जाववत नाही. तेव्हा वॉरंटीवर पाणी सोडलंय.

चष्मेवाले काका, चष्मा काढून बघितला. हिरवी ट्यूब! बारा वर्षं नाकावर घेऊन फिरतोय आणि कधी लक्ष दिलं नाही. काळ्या शर्टाचं मात्र जमणार नाही. बँक आहे आमची, शुक्रवारी जरा रंगीत चालतं, एवढंच.

---

मुलुंडकरीण

दोन वर्षं मॅट वापरतेय, मध्य रेल्वेवर, मुलुंड ते परळ. तेव्हा थोडं पाहिलेलं सांगते.

आधी माझी फजिती. लॅमिंग्टन रोडवर जास्तीचे पैसे मोजून मुद्दाम मॅटवाला घेतला. दुकानातला पोरगा चलाख. मी पैसे मोजतेय तोवर त्याने “मॅडम, टेम्पर्ड आपल्याकडून फ्री” म्हणत ग्लॉसी टेम्पर्ड ग्लास चिकटवूनसुद्धा टाकला. घरी आले, बाल्कनीत बसले आणि बघते तर समोर माझा चेहरा, मागे वाळत घातलेले टॉवेल, सगळं स्वच्छ. टेम्पर्डच्या खालचा गोंद त्या बारीक खड्ड्यांत बसतो आणि वर पुन्हा गुळगुळीत काच. म्हणजे ज्याचे पैसे दिले तेच बुजवून टाकलं, तेही फुकटात! हेअर ड्रायरने कडा गरम करून, नखाने उचकटत तो काढला. अर्धा तास श्वास रोखून बसले होते. मॅट घेणार असाल तर टेम्पर्ड लावू देऊ नका, एवढं एक ऐका.

गाडीत मॅटचा फायदा आहे, पण तुम्ही समजताय तो नाही. पडदा जास्त उजळ दिसत नाही. होतं काय की डोळा चुकत नाही. ग्लॉसीत गजांच्या रेघा हलत असतात, माणसं हलत असतात, आणि हलणाऱ्या गोष्टीकडे डोळा जातोच. मॅटमध्ये ते सगळं धूसर होऊन एका जागी बसतं आणि दहा मिनिटांत विसरायला होतं. पण थेट ऊन आलं की पडद्यावर दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. तेव्हा ग्लॉसीवाला निदान पडदा तिरका करून ऊन चुकवतो, मॅटवाल्याने कुठेही तिरका केला तरी दूध ते दूधच. ठाकुर्लीच्या मैत्रिणीकडे ग्लॉसी आहे, एकदा शेजारीशेजारी बसून बघितलंय. भर उन्हात तिचा बरा, बाकी सगळीकडे माझा.

पांढऱ्या मेनूवर बारीक रवा सांडल्यासारखं दिसतं. पहिले चार दिवस दिसतं, नंतर मुद्दाम शोधलं तरच. गेम चालू असताना नाही.

आता पुसणं. ग्लॉसी काच ओढणीला पुसली तरी चालते. ही नाही. परळला उतरायच्या आधी वडापाव खाल्ला होता, बोटं रुमालाला पुसून परत खेळायला बसले. उजव्या कोपऱ्यात तेलकट बोट लागलं. तेल त्या खड्ड्यांत शिरतं, मग तेवढीच जागा चकचकीत, काळी, आणि बाकी पडदा मॅट! कोरड्या कपड्याने पुसलं की ठिपक्याचा पट्टा होतो. मायक्रोफायबर किंचित ओला करून, न रगडता, दोन-तीनदा, आणि मग दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने. काच पुसायचा निळा स्प्रे नको, टिश्यू पेपर तर अजिबात नको. पावसाळ्यात वरून टपकलेले थेंब वाळले तर डाग राहतात, लगेच टिपायचे.

तुमच्या ट्यूबचं सांगते. ढग होतो हे काकांचं खरं. पण काठीपेक्षा ढग परवडला.

---

झोपाळू_ठाणे

मुलीला टेबल लॅम्प घेऊन द्या आणि ट्यूब बंद करा. दोन हजारांत विषय संपला.

---

चष्मेवाला_दादर

मुलुंडच्या ताईंनी डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे जातो हे जे सांगितलं, ते माझ्या निटच्या हिशोबात येत नाही आणि तेच जास्त खरं आहे. मागे घेत नाही, पण भर घालतो.

खिडकीवाले, तुम्ही बसता कुठल्या बाजूला? पश्चिम रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. सकाळी तुम्ही दक्षिणेला तोंड करून जाता, ऊन पूर्वेचं, म्हणजे डावीकडून. संध्याकाळी उत्तरेला परत येता, ऊन पश्चिमेचं, म्हणजे पुन्हा डावीकडूनच! जाता-येता दोन्ही वेळा गाडीच्या दिशेने उजवीकडे बसलात तर थेट ऊन बरंचसं चुकेल. मधे उभी असलेली गर्दी हा तर फुकटचा पडदा.

---

खिडकीवाला_बोरिवली

काका, हात जोडले. एकोणीस वर्षं डावीकडे बसतोय. जिन्यावरून उतरलं की तो डबा, ती खिडकी, ग्रुपही तिथेच. उजवीकडे गेलो तर भजनी मंडळातून फुटून निघाल्यासारखं होईल. पण आजच्या दिवस बसून बघितलं. सांताक्रूझपर्यंत पडद्यावर ऊन नाही. शर्ट मात्र आहेच, आणि ग्रुपवर मेसेज आला, ‘काय रे, रागावलास का?’

ठाणेकर, लॅम्पचं तुमच्याआधी सुचलं होतं. आणलाय. दोन दिवस लावला. कन्या म्हणते, एवढाच गोल उजेड पडला की पुस्तकावर झोप येते, ट्यूब हवी. दहावीचं वर्ष आहे, तिथे माझं काही चालत नाही.

मग शनिवारी अक्कल चालवली. ट्यूब डोक्यामागे आहे म्हणून दिसते ना? मग आपणच फिरायचं. उशी पायथ्याला घेतली, उलटा झोपलो, ट्यूब समोर, डेकच्या पाठीमागे. पडदा काळाकुट्ट! गुहेतला कोपरा अन् कोपरा दिसला, आठ दिवसांत पहिल्यांदा. पंधरा मिनिटं स्वर्गात होतो. तेवढ्यात आई पाणी प्यायला उठली. म्हणाली, “दक्षिणेकडे पाय करून झोपलायस? जिवंत माणसाने?” मी म्हटलं, झोपलो नाहीये, खेळतोय. “मग बसून खेळ.” उशी परत वर आली. आता रोज अकराला येऊन बघून जाते.

आज दुपारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. दुकानदाराला सांगितलं, दोन्ही काढ आणि दोन्ही बंद ठेव. तो वैतागला, “बंद काय बघणार साहेब, चालू करून देतो की.” म्हटलं बंदच दे. दोन्ही काउंटरवर शेजारीशेजारी, वर त्याची ट्यूब. ग्लॉसीत ट्यूब अशी लख्ख की तिच्यावर छापलेली अक्षरं उलटी वाचता आली, शेजारी पंख्याची तीन पाती मोजून घ्या. मॅटमध्ये धुक्यातला दिवा. पंखा नाहीच. फिरत होता, पण कळत नव्हतं. तिथे मुलुंडच्या ताईंचं पटलं.

मग चालू करून काळोखाचा गेम लावायला सांगितला. खरं सांगायचं तर त्या उजेडात ग्लॉसीतला काळा जास्त काळा होता. ट्यूबची काठी सोडून बाकीचा पडदा विहिरीसारखा खोल. मॅटमध्ये तीच गुहा जरा राख फासलेली. दोन मिनिटं मन पुन्हा डळमळलं. पण मला ती काठी सोडून बाकीचा पडदा कधी मिळणार? घरी ट्यूब, गाडीत शर्ट.

१ टीबीवाला घेतला. घासाघीस करून फरक चौदा हजारांवर आणला. त्याच्याबरोबर आतलं अस्तर वेगळं निघणारी केस येते, तेवढीच सोबत.

पैसे मोजून झाले आणि समोर बघतो तर पोऱ्याने टेम्पर्ड ग्लासचं पाकीट फाडायला घेतलेलं. काउंटरवरून वाकून त्याचं मनगट धरलं.